रेघांचा क्रम आणि अक्षराचे वळण : चिनी लेखनशिस्तीच्या प्रकाशात मराठी लिपिविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

चिनी लिपी शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळावी लागते. चिन्ह कसे दिसते एवढे पाहून ते काढलेले चालत नाही. त्यातील कोणती रेघ आधी, कोणती नंतर आणि प्रत्येक रेघ कोणत्या दिशेने ओढायची, हे ठरलेले असते. ‘दहा’ या अर्थाचे चिन्ह आपल्या अधिकच्या खुणेसारखे दिसते. त्यात आडवी रेघ आधी आणि उभी नंतर. ‘माणूस’ या चिन्हात डावीकडे उतरणारी रेघ आधी, उजवीकडे उतरणारी नंतर. ‘तीन’च्या तीन आडव्या रेघा वरून खाली काढायच्या. चिन्हाला चौकट असेल तर चौकटीच्या तीन बाजू प्रथम, मग आतील भाग आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. घरात शिरल्यावरच दार लावायचे, अशा अर्थाने हा नियम मुलांना सांगितला जातो. पूर्ण झालेले चिन्ह हुबेहूब दिसले, पण रेघा भलत्याच क्रमाने काढल्या, तर शिक्षकाच्या दृष्टीने ते चुकलेलेच असते.

प्रस्तुत लेखाचा हेतू चिनी लिपीचा परिचय करून देणे हा नाही. मराठीत लिपीविषयी शंभराहून अधिक वर्षे चर्चा चालू आहे आणि त्या चर्चेचे एक महत्त्वाचे केंद्र रत्नागिरी होते. या चर्चेत अक्षर काढणाऱ्या हाताचा विचार किती झाला, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना सावरकरांचा लिपिशुद्धीचा विचार आणि मोडी लिपीचे आजचे अध्यापन या दोन गोष्टी प्रामुख्याने तपासल्या आहेत. चिनी उदाहरण निकष म्हणून घेतले आहे, कारण रेघांच्या क्रमाचा इतका सविस्तर आणि लेखी विचार क्वचितच दुसऱ्या एखाद्या लेखनपरंपरेने केला असेल.

क्रमाची शिस्त कशासाठी

या शिस्तीकडे केवळ परंपरेचा हट्ट म्हणून पाहणे सोपे आहे. तिच्यामागे तीन व्यावहारिक कारणे आहेत. पहिले कारण हाताच्या सोयीचे. एका रेघेचा शेवट जिथे होतो तिथून पुढच्या रेघेचा आरंभ जवळ पडावा, अशी नियमांची रचना आहे. दुसरे कारण कोशाचे. चिनी कोशात शब्द शोधायचा तर चिन्हाचा मूलघटक ओळखावा लागतो आणि उरलेल्या रेघा मोजाव्या लागतात. १७१६ साली पूर्ण झालेल्या कांग्शी कोशात असे २१४ मूलघटक आहेत. हात कुठे उचलायचा हे ठाऊक नसेल तर रेघांची संख्या चुकते, आणि संख्या चुकली की शब्द सापडत नाही.

ही अडचण मराठी अभ्यासकांना परकी नव्हती. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९३० साली आर्यदेवाचा ‘अक्षरशतक’ हा ग्रंथ चिनी व तिबेटी साधनांच्या आधारे संपादित केला. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी १९३७ साली ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ‘विमुत्तिमग्ग’ संपूर्ण स्वरूपात चिनी अनुवादातच उरला आहे. हे दोघेही पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक. संस्कृत-पालीच्या अभ्यासकाने चिनी पोथीपर्यंत जायचे तर रेघा मोजण्याच्या वाटेनेच जावे लागे.

तिसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. भरभर लिहिलेल्या चिनी अक्षरांत सुट्या रेघा एकमेकींत मिसळतात, काही गळतात आणि दोन रेघांमधला हाताचा प्रवासही कागदावर उमटतो. ही लपेटीदार लिपी वाचणाऱ्याला छापील चिन्ह पाठ असून भागत नाही. हात कोणत्या वाटेने गेला असेल हे मनात चालवून पाहावे लागते. क्रम ठाऊक असेल तर तो गुंता उलगडतो. नसेल तर साक्षर माणूसही त्यापुढे निरक्षर ठरतो. म्हणजे क्रम हे केवळ लिहिण्याचे शास्त्र नाही, वाचण्याचेही आहे.

हा क्रम निसर्गनियमासारखा अटळ मात्र नाही. ‘उजवा’ या अर्थाच्या चिन्हात चीनमध्ये आडवी रेघ आधी काढतात, तर जपानमध्ये डावीकडे उतरणारी तिरपी रेघ आधी. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली या विषयावर शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हा तीत दिलेला क्रम हाच एकमेव शुद्ध असे समजू नये असेही स्पष्ट केले. चीनने १९९७ साली ७,००० चिन्हांचा क्रम प्रमाणित केला आणि २०२० साली ८,१०५ चिन्हांसाठी नवे प्रमाण प्रसिद्ध केले. ते २०२१ पासून लागू झाले. पर्याय असू शकतात हे मान्य करूनही, क्रम लिहून ठेवावा लागतो हे या देशांनी ओळखले. (तिथेही सारे आलबेल नाही. उच्चार टंकून चिन्ह निवडण्याची सोय आल्यापासून लेखणी हाती घेताच चिन्ह आठवत नाही, अशी तक्रार चीनमध्ये सर्रास ऐकू येते. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचीही वाट वेगळी नाही.)

मराठी शब्दांतील हाताची आठवण

मराठीत रेघांच्या क्रमाचे लिखित शास्त्र झाले नाही, म्हणून त्याची जाणीवच नव्हती असे म्हणता येत नाही. भाषेतच तिचे पुरावे आहेत. हस्ताक्षराला आपण ‘वळण’ म्हणतो. हा शब्द पूर्ण झालेल्या आकृतीचा नाही. हात कुठे वळला हे तो सांगतो. मुलाला चांगल्या सवयी लागल्या की त्याला ‘वळण लागले’ असे म्हणतात, तेव्हा तीच कल्पना अक्षरावरून आचरणावर आलेली असते. ‘गिरवणे’ या क्रियापदातही आकृतीची नक्कल अभिप्रेत नसून काढलेल्या अक्षरावरून पुनःपुन्हा हात फिरवणे अभिप्रेत आहे. धूळपाटीवर मूल बोटाने अक्षर काढी, पुसून टाकी आणि पुन्हा काढी. जपून ठेवण्यासारखी आकृती उरतच नसे. जे शिकले जाई ते बोटात राही.

दुसरा शब्द ‘ओनामा’. कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण ओनामा म्हणतो. मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’. मुळाक्षरांच्या पाठाआधी म्हणायचे हे वाक्य. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने, येथील मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’पासून शिक्षणाला आरंभ करतात, असे नोंदवले आहे. हीच सिद्धम् नावाची भारतीय लिपी बौद्ध मंत्रांसोबत चीनमध्ये गेली आणि नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई या भिक्षूने ती जपानला नेली. तेथील शिंगोन पंथात ती कुंचल्याने लिहिली जाते आणि तिच्या अक्षरांतील रेघांचा क्रम शिकवला जातो. देवनागरीच्या या जवळच्या नातेवाईक लिपीला रेघांचा लेखी क्रम मिळाला तो परदेशी, चिनी लेखनसंस्काराच्या छायेत. आपल्याकडे शब्द उरला, रीत तोंडी राहिली.

रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचा गोलवा, ओळींतील अंतर, शाईचा काळेपणा, समास सोडणे यांचा इतका बारकाईने विचार जुन्या मराठीत दुर्मीळ. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, ही त्यांची अपेक्षा आहे. परंतु तेथेही कसोटी लावली आहे ती लिहून झालेल्या पानाला. ‘वळण’ सारखे असावे असे समर्थ सांगतात; ते कसे लावायचे हे पंतोजीवर सोडतात.

आधुनिक काळात एकाच ठिकाणी हा विचार प्रत्यक्ष शिक्षणक्रमात उतरला. वर्णमालेचा ‘क ख ग घ’ हा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला आहे. तो शास्त्रशुद्ध असला तरी लिहायला शिकणाऱ्या मुलाच्या हाताला त्याचा उपयोग नाही, कारण ‘क’ काढायला अवघड. म्हणून ‘ग म भ न’ असा, सारख्या वळणांची अक्षरे एकत्र घेणारा क्रम शाळांत आला आणि ‘गमभन’ हा शब्दच प्राथमिक धड्याला पर्याय बनला. मराठी अध्यापनाने हाताला दिलेली ही मोठी मान्यता होय. मात्र अक्षरांचा क्रम ठरला, तरी एका अक्षराच्या आतील रेघांचा क्रम ज्याच्या त्याच्या शिक्षकावर राहिला.

सावरकरांचा लिपिविचार : एक मर्यादा

विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीबरोबर लिपिशुद्धीची चळवळ त्यांनी येथूनच चालवली. ‘नागरी लिपिशुद्धीचे आंदोलन’ या नावाने त्यांचे या विषयावरील लेखन उपलब्ध आहे. त्यांच्या सुधारणेतील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘अ’ची बाराखडी : इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र स्वरचिन्हे सोडून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे. तर्क बिनतोड होता. ओ आणि औ आपण ‘अ’वरच मात्रा देऊन लिहितो, मग तीच रीत सर्व स्वरांना का नको? गुजरातीत ‘ए’ याच पद्धतीने लिहिला जातो. चिन्हे कमी झाली की मुलांच्या स्मरणावरचा भार हलका होईल आणि छापखान्यातील शेकडो खिळ्यांची संख्या घटेल, हा लाभ उघड होता. खिळे कमी करण्याचा विचार त्यांच्याआधी लोकमान्य टिळकांनीही केला होता. एकाचा जन्म रत्नागिरीचा, दुसऱ्याची स्थानबद्धता रत्नागिरीची. दोघांनीही अक्षराकडे पाहिले ते छापखान्याच्या बाजूने.

या सुधारणेवर आजवर झालेली टीका बहुतेक परंपरेच्या किंवा डोळ्यांच्या सवयीच्या बाजूने झाली. येथे वेगळा आक्षेप घ्यावयाचा आहे. शिरोरेघ बाजूला ठेवली तर शालेय वळणातील ‘इ’ हात न उचलता एका ओघात निघते, ‘उ’ही तसाच. ‘अि’ लिहायची तर ‘अ’ची डावी वाटी, मधली आडवी रेघ, दंड आणि मग वेलांटी, एवढे करावे लागते. हात किमान तीनदा उचलला जातो, आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडे असल्याने पुढे गेलेला हात मागे आणावा लागतो, नाही तर आधीच जागा सोडावी लागते. म्हणजे जुळाऱ्याचे श्रम वाचले ते लिहिणाऱ्याच्या मनगटावर पडले. खिळ्यांच्या पेटीत एक घर कमी होणे आणि हाताच्या तीन हालचाली वाढणे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही.

याचा अर्थ सावरकरांची दृष्टी कोती होती असा नाही. लिपी छापखान्यात आणि टंकयंत्रावर टिकली नाही तर ती व्यवहारातून जाईल, ही त्यांची भीती त्या काळात रास्त होती. पण ‘सुलभ’ हा शब्द त्यांनी आणि त्यांच्या विरोधकांनीही चिन्हांच्या संख्येपुरताच वापरला. संख्या कमी म्हणजे लिखाण सोपे, हे समीकरण हाताला मान्य नसते. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दंडाने दाखवण्याचा पर्याय स्वीकारला होता. काही वर्षांतच तो मागे घेतला गेला. हाताच्या दृष्टीने पाहिले तर त्या साऱ्या चर्चेतील तोच सर्वांत शहाणा प्रस्ताव होता, कारण उच्चारानंतर येणारी खूण त्यात लिहितानाही नंतर येत होती. डोळ्यांना तो रुचला नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ साली त्या निर्णयाचे अद्ययावतीकरण केले. त्या निमित्ताने ‘ल’ पाकळीचा की दंडाचा आणि ‘श’ कोणत्या घाटाचा, यावर बरीच चर्चा झाली. वाद पुन्हा आकाराचाच होता.

मोडी : हाताची लिपी

मोडीच्या बाबतीत ही उणीव केवळ तात्त्विक राहत नाही. देवनागरी आणि मोडी यांतील फरक सांगताना अक्षरांचे आकार शेजारी ठेवण्याची पद्धत आहे. खरा फरक क्रमात आहे. बाळबोध लिहिताना आपण शब्द पुरा करून वर शिरोरेघ देतो. मोडी लिहिणारा पानभर आडवी ओळ आधी आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. गुजरातीने शिरोरेघ टाकूनच दिली. प्रत्येक शब्दामागे हात मागे नेऊन रेघ ओढण्याचा खोळंबा टाळायचा, या एकाच अडचणीवर शेजारच्या दोन समाजांनी काढलेले हे दोन तोडगे आहेत. मोडीतील काना दंडासारखा वरून खाली उतरत नाही. अक्षराच्या शेवटातून तो हात न उचलता शिरोरेघेकडे चढतो आणि पुढच्या अक्षराला जागा करून देतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्दांत अंतर नाही. या सर्वांचे कारण एकच : लेखणी थांबू नये. चिटणिशी, बिवलकरी अशी वळणांची नावे आढळतात, तीही हात घडवणाऱ्या घराण्यांची आणि दप्तरांची.

अशी लिपी तक्त्यावरून शिकता येत नाही. तरीही ती बहुधा तशीच शिकवली जाते. या चुकीचा इतिहास जुना आहे. विल्यम कॅरे यांच्या १८१० च्या मराठी कोशासाठी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडी खिळे वापरले गेले, तेव्हा वाहती लिपी सुट्या तुकड्यांत बसवली गेली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. संगणकावरील अक्षरेही स्वभावतः सुटीच असतात. आजच्या मोडी वर्गात विद्यार्थ्याच्या हाती मुळाक्षरांचा असाच छापील तक्ता पडतो. तो पाठ करून, छापील मोडीतील उतारा बाळबोधीत आणून तो परीक्षा उत्तीर्ण होतो. मग त्याच्यापुढे खरा कागद येतो.

रत्नागिरी जिल्ह्यात असे कागद पुष्कळ घरांत आहेत. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, पण खोती दप्तरांची रुमालात बांधलेली बाडे माळ्यावर राहिली : वसुलाचे हिशेब, कबुलायती, गहाणखते, भावकीतील वाटण्या. कोकणातील जमिनीचा आणि कुळांचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांच्यासाठी हे पहिल्या प्रतीचे साधन आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी या कागदांपुढे अडखळतात, असा वर्गातला सततचा अनुभव आहे. त्यांना अक्षरे येत नाहीत असे नाही. कारकुनाने घाईत अर्धवट सोडलेले अक्षर कोणत्या रेघेपर्यंत येऊन सुटले, जोड कुठून निघाली आणि ती पुढच्या अक्षराचा भाग आहे की मागच्या कान्याची शेपटी, हे त्यांना कळत नाही. लपेटीदार चिनी लिपीपुढे जी स्थिती होते तीच ही. ज्या थोड्या विद्यार्थ्यांनी बोरू घेऊन ओळ आखून काही आठवडे मोडी प्रत्यक्ष लिहिली, त्यांची वाचनातील गती लक्षणीयरीत्या वेगळी पडते. हे निरीक्षण लहान वर्गापुरते आहे. त्याची पद्धतशीर चाचणी व्हायला हवी.

‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाभोवती गुंफलेल्या या आख्यायिकेला ऐतिहासिक पुरावा नाही, परंतु लिपीच्या अभ्यासकाला ती एक खरी गोष्ट सांगते. मोडी जाणणाऱ्या समाजाला हे पक्के ठाऊक होते की अक्षर रेघारेघांनी घडते आणि नंतर ओढलेली एक रेघ अर्थ उलटवू शकते. अशी नंतरची रेघ ओळखण्याचे साधन कागदातच असते. शाईत बुडवून काढलेल्या बोरूची पहिली रेघ दाट येते, पुढे शाई विरळ होत जाते आणि पुन्हा बुडवल्यावर एकदम गडद होते. दाट-फिकटाचा हा चढउतार लावून पाहिला तर हाताचा प्रवास बऱ्याच अंशी पुन्हा उभा करता येतो. मोडीच्या अभ्यासक्रमात मात्र या परीक्षणाला क्वचितच जागा मिळते.

क्रम नोंदवण्याचे दुसरे साधन जिवंत माणसांचे आहे आणि ते फार काळ उपलब्ध असणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवली जात होती. त्या वेळी कित्ता गिरवलेली मुले आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. कोकणातील गावांतून अशी मंडळी अजून भेटतात. त्यांतील काहींना वाचताना अडचण येते, पण लेखणी हातात दिली की सही आणि हिशेबाची ओळ न अडखळता उतरते. मोडीसंबंधी आपले बहुतेक प्रकल्प कागदांची छायाचित्रे घेण्यापुरते आहेत. त्यांच्या जोडीला या हातांचे चलच्चित्रण व्हावे : कॅमेरा वरून, कागदावर स्थिर, आधी एकेक अक्षर सावकाश, मग त्याच अक्षराची बाराखडी, मग नेहमीच्या वेगाने पुरी ओळ, कागद कोणत्या कोनात धरला आणि लेखणी कुठे उचलली हे दिसेल असे. एका व्यक्तीसाठी अर्धा दिवस पुरेल. महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना हे काम स्वतंत्र निधीवाचून करता येण्यासारखे आहे, आणि पहिल्या वर्षी एकट्या जिल्ह्यातून अशी दहा-बारा चित्रणे जमली तरी मोडीतील रेघांच्या क्रमाची पहिली नोंदवही तयार होऊ शकेल.